शहरात ताशी ३० कशाला? वेगमर्यादा आणि पायी चालणाऱ्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वस्तीतल्या रस्त्यांवरची वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटरवरून ३० वर आणायची म्हटलं की ठरावीक प्रश्न येतात. काही जणांना ते खरोखर पडलेले असतात, काही जण चिडून विचारतात. दोन्ही प्रकारचे प्रश्न इथे घेतलेत. चिडून विचारलेले जास्त कामाचे निघाले, म्हणून त्यांना जागाही जास्त दिली आहे.

५० आणि ३० मध्ये असा कितीसा फरक पडतो?

रस्त्याच्या कडेला ओळीने गाड्या उभ्या आहेत. दोन गाड्यांच्या फटीतून एक चेंडू घरंगळत येतो आणि त्याच्या मागोमाग एक पोरगं. तुमची गाडी त्याच्यापासून साडेतेरा मीटरवर आहे.

तुम्ही ३० ने येत असाल तर असं होतं: डोळ्यांनी पाहिलं, डोक्यात शिरलं, पाय ब्रेकवर गेला, यात साधारण एक सेकंद जातो. त्या सेकंदात गाडी ८.३ मीटर पुढे सरकते. रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असतील तर पुढच्या ५ मीटरमध्ये ती थांबते. एकूण १३.३ मीटर. पोरगं बंपरसमोर वीतभर अंतरावर उभं असतं आणि तुमच्या हाताला कापरं भरलेलं असतं. बाकी काही झालेलं नसतं.

आता तेच ५० ने. त्याच एका सेकंदात गाडी १३.९ मीटर जाते. म्हणजे पाय ब्रेकवर पडायच्या आत ती मुलापर्यंत पोचलेली असते. बहुतेकांना वाटतं, "निदान थोडा तरी वेग कमी झाला असेल." तसं होत नाही. धडक बसते तेव्हा काटा ५० वरच असतो. ही गाडी पूर्ण थांबायला २७-२८ मीटर लागले असते.

आणि ४० ने? ब्रेक लागतो, पण उशिरा. धडक साधारण ३४-३५ च्या वेगाने बसते. "मधला मार्ग म्हणून ४० ठेवू या" असं सुचवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

कागदावरचं हे गणित पटत नसेल तर गाड्या नसताना रस्त्यावर जाऊन मोठी तेरा-चौदा पावलं टाका आणि मागे वळून बघा. मी पहिल्यांदा टाकली तेव्हा अंतर फारच कमी वाटलं, म्हणून दोनदा मोजलं.

"५० च्या धडकेत दहातले आठ जण मरतात" हे खरं आहे का?

नाही. भित्तिपत्रकांवर आणि सादरीकरणांत हा आकडा अजून फिरतो, पण तो फुगलेला आहे. जुन्या अभ्यासांत नोंद व्हायची ती मुख्यतः गंभीर अपघातांची. ज्याला खरचटलं आणि जो उठून घरी गेला, तो नोंदीत आलाच नाही. साहजिकच मेलेल्यांचं प्रमाण मोठं दिसलं. नंतरच्या संशोधकांनी ही त्रुटी दुरुस्त करून हिशेब केला. अमेरिकेतल्या २०११ च्या एका विश्लेषणात धडकेचा वेग ताशी ३७ किलोमीटर असताना मृत्यूचा धोका सरासरी १० टक्के, ५१ ला २५ टक्के आणि ६८ ला ५० टक्के निघाला. जर्मनीतल्या अपघातांवर आधारलेल्या २००९ च्या अभ्यासात हे आकडे आणखी कमी होते. पण त्यातलं गुणोत्तर बघा: ५० चा धोका ४० च्या दुपटीहून जास्त आणि ३० च्या पाचपटीहून जास्त.

एवढं पुरेसं आहे, आकडा फुगवायची गरज नाही. फुगवलेला आकडा एकदा उघडा पडला की समोरचा माणूस खरंही ऐकत नाही.

आणखी दोन गोष्टी. हे सगळे टक्के धडकेच्या क्षणीच्या वेगाचे आहेत, गाडी त्याआधी किती वेगात होती त्याचे नाहीत. ३० ने येणाऱ्या गाडीचा धडकेच्या क्षणीचा वेग पुष्कळदा शून्य असतो, कारण धडक होतच नाही. वरच्या पोराचं उदाहरण आठवा. दुसरं म्हणजे सरासरी माणूस नावाचं कुणी रस्त्यावर चालत नसतं. त्याच अमेरिकी विश्लेषणाप्रमाणे सत्तरीतल्या माणसाला ताशी ४० च्या धडकेत जेवढा धोका असतो, तेवढा तिशीतल्या माणसाला ५६ च्या धडकेत असतो. शिवाय गाड्यांची तोंडं उंच होत चालली आहेत. उंच, सपाट बॉनेटची गाडी पायांऐवजी छातीवर आणि लहान मुलाच्या थेट डोक्यावर आदळते.

३० म्हणजे फारच कमी. ५० हा आकडा काही विचार करूनच ठरवला असेल ना?

विचारापेक्षा तडजोड जास्त होती. ब्रिटनने १९३० मध्ये मोटारींवरची वेगमर्यादा काढूनच टाकली. रस्त्यावरचे मृत्यू इतके वाढले की १९३५ मध्ये वस्तीत ताशी ३० मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर, ही मर्यादा पुन्हा आणावी लागली. पश्चिम जर्मनीत ५० ची मर्यादा १९५७ ची. स्वित्झर्लंडमध्ये शहरात ६० चालायचं, ते १९८४ मध्ये ५० झालं. फ्रान्समध्ये १९९० च्या अखेरीस. म्हणजे आज जे ५० "नैसर्गिक" वाटतं, तेही एके काळी अतिरेकी वाटलेलंच आहे.

अमेरिकेत तर वेगळीच रीत पडली. रस्त्यावर लोक किती वेगाने जातात ते मोजायचं आणि १०० पैकी ८५ जण ज्या वेगाच्या आत असतात, त्याच्या आसपास मर्यादा ठेवायची. मोकळ्या महामार्गावर यात काही अर्थ असेल. पण शाळेसमोरच्या रस्त्यावर वेग किती असावा हे तिथून भरधाव जाणाऱ्यांनीच ठरवायचं, ही पद्धत मला चोराच्या हाती किल्ली देण्यासारखी वाटते.

रोज किती वेळ वाया जाणार?

घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतचा एक किलोमीटर ५० ने ७२ सेकंदांत होतो, ३० ने १२० सेकंदांत. फरक ४८ सेकंदांचा, आणि तोही मध्ये सिग्नल, वळण, गाडी मागे घेणारा शेजारी, काहीही आडवं आलं नाही तर. प्रत्यक्षात शहरात वेळ जातो तो चौकात. ५० ने सुसाट जाऊन पुढच्या लाल दिव्याला थांबणारा आणि ३० ने सावकाश येऊन तिथेच त्याला गाठणारा, दोघे एकाच हिरव्यावर सुटतात. सायकलवाल्यांना हा खेळ चांगला ठाऊक आहे.

दहा किलोमीटर सलग ३० ने जायचं असेल तर मात्र आठ मिनिटं नक्की वाढतील. तेवढा लांबचा प्रवास गल्लीबोळांतून व्हावा असं कुणी म्हणत नाही. त्यासाठी मोठे रस्ते आहेत.

नुसती पाटी लावून कुणी वेग कमी करतं का?

हा सगळ्यात चांगला प्रश्न. खरं उत्तर: थोडेसे करतात, आणि कधी कधी कुणीच करत नाही.

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहराच्या मध्यभागातल्या ७६ रस्त्यांवर २०१६ मध्ये ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर, ही मर्यादा आली. रस्त्यांची रचना बदलली नाही. पुढच्या तीन वर्षांत वेगात आणि अपघातांत फारसा फरक पडला नसल्याचं तिथल्या अभ्यासात दिसलं. आम्हा ३० च्या बाजूच्या मंडळींना हे उदाहरण आवडत नाही, म्हणून मुद्दाम आधी दिलं.

अमेरिकेतल्या बॉस्टनचं चित्र जरा वेगळं. २०१७ च्या सुरुवातीला तिथे मर्यादा ताशी ३० मैलांवरून २५ झाली. सरासरी वेग जवळपास होता तिथेच राहिला. पण ३५ मैलांच्या वर जाणाऱ्या गाड्या आढळण्याची शक्यता सुमारे २९ टक्क्यांनी घटली. म्हणजे पाटीने सगळ्यांना हळू केलं नाही, पण सर्वांत उधळलेल्यांना थोडं आवरलं. जीव घेतात ते बहुधा हेच, त्यामुळे सरासरी हलली नाही म्हणून निर्णय फसला असं म्हणता येत नाही.

तरीही मुख्य काम रस्ता करतो. चालक पाटी क्षणभर वाचतो आणि रस्ता सतत वाचत असतो. रुंद, सरळ, दुतर्फा मोकळा रस्ता "दाबा" म्हणतो. मग खांबावर ३० लिहा नाहीतर १३. तोच रस्ता अरुंद केला, कडेला झाडं लावली, मध्ये थांबायला बेट केलं, झेब्रा पट्टे फूटपाथच्या उंचीला आणले, की पाय आपोआप सैल होतो. चौकाचा कोपरा हे त्यातलं सर्वांत दुर्लक्षित ठिकाण. कोपरा जितका गोल आणि मोठा, तितकं वळण वेगात घेता येतं, आणि रस्ता ओलांडणारा नेमका तिथेच उभा असतो. कोपरा आवळला की गाडीला वळण्यापूर्वी वेग टाकावाच लागतो. यासाठी दरवेळी काँक्रीट ओतावं लागत नाही. रंगाचे पट्टे आणि लवचिक खांब लावूनही सुरुवात करता येते.

म्हणजे पुन्हा जागोजागी स्पीडब्रेकर?

कंबरडं मोडणारे उंचवटे असतील तर नकोतच. नीट गतिरोधक म्हणजे गाडीच्या दिशेने सुमारे ३.७ मीटर लांब आणि जास्तीत जास्त १० सेंटिमीटर उंच, पाठ गोलसर. ठरलेल्या वेगाने गेलात तर हलकासा हिंदोळा बसतो, वेगात गेलात तर शिक्षा. डांबराचा आखूड, टोकदार ढिगारा रात्रीत टाकून मोकळं होणं म्हणजे गतिरोधक नव्हे. तो सावकाश जाणाऱ्यालाही दणका देतो, आणि रंग नसेल तर दुचाकीवाल्याला पाडतो. अपघातानंतर लोक संतापाने मागणी करतात आणि यंत्रणा घाईने असा ढिगारा टाकते. दोघांचंही समाधान होतं आणि प्रश्न तिथेच राहतो.

रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाचं काय?

तातडीच्या वाहनांना बहुतेक देशांत वेगमर्यादेतून सूट असते. गतिरोधकांचा त्रास होतो हे खरं. त्यासाठी रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा उंचवटा न करता उशीसारखे सुटे तुकडे बसवतात. मोठ्या गाडीची चाकं दोन्ही बाजूंनी निघून जातात, मोटारीचं एक तरी चाक वर चढतंच.

प्रत्यक्षात फायदा झालेलं एखादं शहर दाखवा.

एखादं कशाला. लंडनमध्ये २० मैलांचे विभाग केले, त्यांचा १९८६ ते २००६ या वीस वर्षांचा अभ्यास झाला. या विभागांत गतिरोधकांसारखे उपायही होते. जखमी आणि मृतांची संख्या सुमारे ४२ टक्क्यांनी घटलेली आढळली. "अपघात शेजारच्या रस्त्यांवर सरकले असतील" ही शंका तपासली गेली, तर तसं झालेलं दिसलं नाही. टोरांटोत २०१५-१६ मध्ये स्थानिक रस्त्यांवर ४० चं ३० केलं. तिथे पायी चालणाऱ्यांना गाडी धडकण्याचे प्रकार २८ टक्क्यांनी कमी झाले. गंभीर दुखापती आणि मृत्यू दोनतृतीयांशाने.

ओस्लो आणि हेलसिंकी या राजधान्यांत २०१९ मध्ये एकही पादचारी वाहनाखाली मेला नाही. हेलसिंकीने तर जुलै २०२४ ते जुलै २०२५ असं संपूर्ण वर्ष रस्त्यावर एकाही मृत्यूशिवाय काढलं. तिथल्या निम्म्याहून जास्त रस्त्यांवर आता ३० ची मर्यादा आहे. पण हे एका पाटीचं यश नाही. दशकानुदशकं टप्प्याटप्प्याने वेग खाली आणला गेला, रस्ते आवळले, कॅमेरे लावले, सार्वजनिक वाहतूक नीट चालवली. कुणी फक्त ३० चा आकडा उचलून "हेलसिंकी करू" म्हणत असेल, तर अर्धीच गोष्ट सांगतोय.

मला मात्र हेलसिंकीपेक्षा होबोकेन जास्त आवडतं. न्यू जर्सीतलं हे छोटं, दाट वस्तीचं शहर. २०१७ पासून सलग सात वर्षं तिथे रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. त्यांनी केलेल्या कामांतलं सर्वांत साधं काम असं: चौकाच्या तोंडाशी गाड्या उभ्या करायला मनाई केली आणि ती जागा खांब, सायकलचे स्टँड, झाडं लावून अडवली. कोपऱ्यावर गाडी उभी नसली की चालणारा चालकाला दिसतो आणि चालक त्याला. पहिल्या उत्तरातल्या त्या पोराची निम्मी अडचण तिथेच सुटते.

वेल्समध्ये लोक भडकले होते, ते विसरलात का?

नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या वेल्सने वस्तीतल्या रस्त्यांवर वेगळी पाटी नसेल तर लागू होणारी मर्यादा ताशी ३० मैलांवरून २० मैलांवर आणली. विरोधातल्या अर्जावर साडेचार लाखांहून जास्त सह्या झाल्या, आणि देशाची लोकसंख्या जेमतेम ३१ लाख. राग काही अंशी रास्त होता. काही मोठे, वर्दळीचे रस्तेही सरसकट त्यात आले होते. नंतर सरकारने नियमावली सुधारून स्थानिक संस्थांना असे रस्ते परत ३० मैलांवर न्यायची मुभा दिली. दुसऱ्या बाजूला, बदलानंतरच्या वर्षभरात या प्रकारच्या रस्त्यांवरचे जखमी आणि मृत साधारण एकचतुर्थांशाने घटले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. रस्त्यांची यादी लोकांसमोर आधी ठेवली असती, तर निदान काही सह्या वाचल्या असत्या असं मला वाटतं.

चूक पायी चालणाऱ्याचीच असते. मोबाइलमध्ये डोकं घालून, कुठूनही आडवे घुसतात.

काही वेळा असते. मग त्या चुकीची शिक्षा काय असावी?

आधी हे बघू या की "बघून ओलांड" ही सूचना कुणाला जमते. एखादी वस्तू आपल्याकडे किती वेगाने येते आहे हे डोळा तिच्या मोठ्या होत जाणाऱ्या आकारावरून ताडतो. प्राथमिक शाळेतल्या मुलांची ही क्षमता पूर्ण वाढलेली नसते. ताशी सुमारे ३२ किलोमीटरच्या वर वेगाने येणारी गाडी काही स्थितींत त्यांना येतेय असं जाणवतच नाही, असं लंडन विद्यापीठातल्या प्रयोगांत दिसलं. पोरगं बेफिकीर नाही, त्याच्या डोळ्यांना ती गाडी उभी वाटते. त्याला कितीही रागवा, डोळे रागावून वाढत नाहीत.

दुसरं टोक म्हातारपणाचं. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं सर्रास धरतात. १२ मीटरचा रस्ता, १० सेकंद. काठी टेकत ०.८ ने चालणाऱ्या आजींना १५ सेकंद लागतात. शेवटचे पाच सेकंद त्या रस्त्यातच असतात आणि गाड्या सुटलेल्या असतात. लांबून बघणारा म्हणतो, "सिग्नल मोडून चालल्यात."

आणि पुष्कळ ठिकाणी माणूस "कुठूनही" ओलांडतो, कारण पुढचं क्रॉसिंग अर्ध्या किलोमीटरवर असतं. बसथांबा इकडे आणि दवाखाना समोर असेल तर लोक सरळच जाणार. कुंपण घातलं तर त्यावरून जातील. तिथे क्रॉसिंगच हवं.

स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये जे धोरण स्वीकारलं, त्याचा गाभा हाच आहे: माणसं चुकणारच हे धरून चालायचं आणि चुकीची किंमत प्राणाने मोजावी लागू नये असा रस्ता बांधायचा. मोबाइलमध्ये बघत चालणाऱ्याला दंड करा, हरकत नाही. देहदंड कशाला? आणि मोबाइल गाडीतही असतो.

हळू गाडी जास्त धूर सोडते ना?

एकसारख्या वेगाने चालणाऱ्या गाडीच्या आलेखात ३० ला दर किलोमीटरमागे इंधन थोडं जास्त दिसू शकतं. पण शहरात गाडी एकसारखी चालते कुठे? थांबा, दाबा, पुन्हा थांबा. ५० पर्यंत पळवून पुन्हा ब्रेक मारण्यात इंधन जास्त जळतं, ब्रेक आणि टायर जास्त झिजतात. लंडनमधल्या २०१३ च्या एका तपासणीत काही घटक किंचित वाढले आणि काही घटले. हवेसाठी हा बदल ना तारक, ना मारक, असं म्हणणं प्रामाणिकपणाचं. आवाज मात्र नक्की कमी होतो.

रात्री रस्ता रिकामा असतो. तेव्हा तरी?

रिकामा रस्ताच धोक्याचा. २०२० मध्ये साथीमुळे अमेरिकेत गाड्या एकूण कमी धावल्या, तरी रस्त्यावरचे मृत्यू वाढले, कारण मोकळा रस्ता मिळाल्यावर लोक सुटले. अंधारात दिसतंही कमी. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहराने २०२१ मध्ये उलटंच केलं: रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ३०, तेही मुख्यतः लोकांची झोप मोडू नये म्हणून.

मग सगळं शहरच ३०?

नाही. जिथे माणसं आणि गाड्या एकमेकांत मिसळतात तिथे. स्पेनने मे २०२१ पासून सोपा नियम केला आहे: प्रत्येक दिशेला एकच लेन असेल तर ३०, दोन किंवा जास्त असतील तर ५०, आणि फूटपाथ रस्त्याच्याच पातळीवर असेल तर २०. पाटी नसली तरी रस्त्याकडे बघून मर्यादा कळते. ५० ठेवायचं त्या रस्त्यावर मात्र रुंद फूटपाथ आणि ओलांडायला पुरेसा वेळ देणारे सिग्नल हवेत.

मी एकट्याने ३० ने चालवून काय होणार?

एका लेनच्या रस्त्यावर तुमच्या मागे जेवढ्या गाड्या आहेत, त्या सगळ्या ३० ने जातात. मागचा हॉर्न वाजवेल. एखादा ओव्हरटेक करून रागाने बघेल, आणि पुढच्या सिग्नलला तुमच्या शेजारी उभा असेल.